तिकीटबाईंच्या डोक्याचं माप

डोकेमास्तरांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत, ही त्यांच्या बायकोची जुनी तक्रार. समोरून शेजारी आला तरी हे आपले सरळ पुढे निघून जातात आणि चार पावलांवर थबकून म्हणतात, "अगं, हा तर एकोणसाठ! टोपी घातली होती ना त्याने, म्हणून ओळखलं नाही." एकोणसाठ हे शेजाऱ्याचं वय नव्हे. तो त्याच्या डोक्याचा घेर, सेंटिमीटरमध्ये.

बर्फाच्या उताराच्या पायथ्याशी स्कीच्या सामानाचं मोठं दुकान आहे. आत शिरलं की डावीकडे हेल्मेटांच्या फळ्या, आणि त्या फळ्यांपुढे गेली एकोणतीस वर्षं डोकेमास्तर उभे आहेत. गळ्यात कापडी टेप, कानावर पेन्सिल. गिऱ्हाईक दारातून आत आलं की मास्तर आधी नुसत्या नजरेनं त्याचं डोकं मोजतात, ओठातल्या ओठात आकडा पुटपुटतात आणि मग टेप लावतात. आकडा जुळला की आजूबाजूला बघतात, कुणी पाहिलं का म्हणून. कुणीच पाहिलेलं नसतं. तरी त्यांचा तो दिवस चांगला जातो.

गिऱ्हाइकांच्या बाबतीत मात्र मास्तर भलते कडक. कुणी म्हणालं, "एक माप मोठं द्या, मोकळं बरं वाटतं," की मास्तर म्हणणार, "मोकळं बरं वाटायला ही लेंग्याची नाडी नाही." कुणी लोकरीच्या टोपीवरच हेल्मेट चढवलं तर ते उतरवून टोपी त्याच्या हातात ठेवणार. कुणी आल्या आल्या "काळ्या रंगात आहे का?" असं विचारलं, तर मास्तरांना ऐकूच येत नाही. रंग शेवटी. आधी घेर, मग आकार. गोल डोक्याला गोल, लांबट डोक्याला लांबट. हेल्मेटची पुढची कड भुवयांच्या वर बोटभर. कड आणि गॉगल यांच्यामध्ये कपाळाची उघडी पट्टी राहिली, तर मास्तरांना स्वतःलाच थंडी वाजते.

हे सगळं जमलं की खरी परीक्षा सुरू होते.

"नाही म्हणा," मास्तर फर्मावतात.

"कशाला नाही?"

"कशालाही. जोरात मान हलवून नाही म्हणा."

भले भले लोक तिथे उभे राहून माना हलवतात. डोकं फिरलं आणि हेल्मेट मागून सावकाश आलं, तर ते मोठं. कपाळाची कातडीसुद्धा हेल्मेटबरोबर हलली पाहिजे. मग "हो म्हणा". मग "मोठी जांभई द्या", कारण तोंड उघडलं की हनुवटीच्या पट्ट्यानं हेल्मेट टाळूवर दाबलं गेलं पाहिजे. आणि शेवटी दहा मिनिटं शेजारच्या बाकावर बसायचं. कुठे टोचतं का, कपाळ दुखतं का, हे दहा मिनिटांनीच कळतं. त्या बाकावर हेल्मेट घालून, हात मांडीवर ठेवून मोठमोठी माणसं फोटो काढायला बसल्यासारखी गप्प बसलेली असतात. कुणी फारच चुळबुळ केली, तर मास्तर सगळ्यात खालची फळी दाखवतात. तिथे विकायची हेल्मेटं नाहीत. तिथे परत आलेली आहेत. तडकलेली, चेपलेली, आतला थर्माकोल चुरगळलेली. ती बघितल्यावर कुणी चुळबुळ करत नाही.

हे सगळे नियम मास्तर घरी जेवतानाही सांगत. न चुकता. त्यांच्या बायकोने एकोणतीस वर्षं ते ऐकत भात कालवला.

बायको म्हणजे तिकीटबाई. उतारावर माणसांना वर नेणारे जे पाळणे आहेत, त्यांच्या पायथ्याशी एक काचेची खोली आहे. त्या खोलीत त्यांनी एकतीस वर्षं तिकिटं दिली. "अर्धा दिवस की पूर्ण? एक की दोन?" एवढी दोन वाक्यं म्हणून त्यांनी किती लोकांना डोंगरावर पाठवलं असेल, त्याची मोजदाद नाही. स्वतः मात्र कधी वर गेल्या नाहीत. पायाशी छोटा हीटर, खांद्यावर शाल, डोक्यावर पाच पिनांचा घट्ट अंबाडा आणि समोर काच. या हंगामाच्या आधी त्या निवृत्त झाल्या. निवृत्तीनंतरच्या तिसऱ्या दिवशी, मास्तर बूट काढत असताना, त्या म्हणाल्या, "मी स्कीइंग शिकणार आहे."

मास्तर हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण एकटेच हसतोय.

"अगं, वय काय तुझं?"

"अठ्ठावन्न. प्रौढांच्या वर्गात नाव घातलंय. तीन आठवड्यांनी रविवारी पहिला दिवस. हेल्मेटशिवाय उतारावर उभं करत नाहीत म्हणे. ते तेवढं तुम्ही आणा. घरात डोकेमास्तर असताना मी परक्याकडे जाऊ का?"

मास्तरांचा दुसरा बूट पायातच राहिला. डोळ्यांसमोर ती सगळ्यात खालची फळी उभी राहिली. लोकांना ते छाती ठोकून सांगत की हेल्मेट तडकलं म्हणजे डोकं वाचलं. पण त्या प्रत्येक हेल्मेटबरोबर काय काय परत आलं, तेही त्यांना ठाऊक होतं. कुणाचं गळ्याजवळचं हाड, कुणाचा गुडघा, एकाचे सहा महिने. ते सगळं परक्यांचं होतं तोवर ठीक होतं.

त्यांनी एकदा "कशाला ही धडपड?" असं म्हणून बघितलं. तिकीटबाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं, की त्यांनी मुकाट्यानं पाण्याचा पेला तोंडाला लावला. रविवारच्या फोनवर लेकीकडे तक्रार केली, तर ती तिकडून ओरडली, "आईला लाल रंगाचं द्या, बाबा!" म्हणजे घरात त्यांच्या बाजूनं कुणीच नव्हतं.

तेव्हा आयुष्यात कधी कुणाला चुकीचं हेल्मेट न दिलेल्या या माणसानं एक बेत केला. बेत कसला, चोरीच ती. तोंडानं खोटं बोलायची हिंमत नव्हती, म्हणून त्यांनी ते काम हेल्मेटांवर सोपवलं. बायकोचं डोकं त्यांच्या अंदाजानं छप्पन्न. त्यांनी घरी आणलं चोपन्नचं.

तिकीटबाई आरशापुढे उभ्या राहिल्या. हेल्मेट अंबाड्यावर भांड्यासारखं टेकलं. "घट्ट आहे," त्या म्हणाल्या.

"हं. तुझं डोकं जरा अवघड आहे."

पुढच्या आठवड्यात दुसरं आलं. हे लांबट डोक्याचं. तिकीटबाईंचं डोकं चांगलं गोल. कपाळाला रुतलं आणि कानांवर दोन्हीकडे खिडक्या राहिल्या. मास्तरांनी चुकचुकून दाखवलं. तिसरं आणलं ते थेट बासष्टचं, आणि घेर कमी करायची त्याची मागची चकती शेवटपर्यंत पिळून पिळून आवळून आणलं. जो माणूस एकोणतीस वर्षं सांगत आला होता की चकती शेवटचं बोटभर आवळायला असते, घागरीचा तांब्या करायला नव्हे, त्यानेच घागर आणून तांब्या म्हणून बायकोच्या डोक्यावर ठेवली.

तिकीटबाईंनी आरशातून नवऱ्याकडे बघितलं. नवरा छताकडे बघत होता.

"काय करणार?" मास्तर छताला म्हणाले. "तुझ्या डोक्याचं हेल्मेट निघतच नाही बहुतेक. कंपनीला पत्र लिहितो मी. पुढच्या हंगामात बघू."

"बरं," तिकीटबाई म्हणाल्या.

चौतीस वर्षांच्या संसारात त्या "बरं"चा अर्थ कळायला हवा होता. पण मास्तर सुटकेच्या आनंदात होते. त्या दिवशी त्यांनी दोन वेळा आमटी मागून घेतली.

शनिवारी सकाळी दुकानात ही गर्दी. हंगामातला पहिला चांगला बर्फ पडला होता. मास्तर एका दाताच्या डॉक्टरला जांभई द्यायला लावत होते, तेवढ्यात त्यांची नजर रांगेवर गेली. पहिला एक धिप्पाड कंत्राटदार, त्याच्या मागे दोन मैत्रिणी, आणि त्यांच्या मागे, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून, तिकीटबाई.

कंत्राटदाराचं डोकं मास्तरांनी नजरेनं सत्तावन्न सांगितलं, टेपवर निघालं साठ. गल्ल्यामागे बसलेल्या मालकीणबाईंनी मान वर केली. दोन मैत्रिणींपैकी एकीला त्यांनी "जांभई द्या" आधी आणि "हो म्हणा" नंतर सांगितलं. एकोणतीस वर्षांत हा क्रम कधी चुकला नव्हता. शेवटी दोघी बाकावर कंत्राटदाराशेजारी जाऊन बसल्या आणि मधे कुणी उरलं नाही.

"नमस्कार," तिकीटबाई म्हणाल्या. "हेल्मेट हवंय. नवशिकी आहे मी."

"अगं, घरी बोलू ना," मास्तर कुजबुजले.

"घरी तीनदा झालं. माझ्यामागे माणसं उभी आहेत. माप घ्या."

मालकीणबाईंना काही ठाऊक नव्हतं, पण गंमत आहे एवढं कळलं. त्या गल्ल्यावरून म्हणाल्या, "मास्तर, आधी नजरेनं सांगा बघू! घरचंच माणूस आहे, चुकायचा प्रश्नच नाही."

बाकावरची तिन्ही हेल्मेटं इकडे वळली. मास्तरांनी बायकोकडे बघितलं. आता लबाडी करून चालणार नव्हतं. या फळ्यांपुढे उभं राहून खोटा आकडा सांगणं म्हणजे एकोणतीस वर्षांवर पाणी सोडणं. "छप्पन्न," ते म्हणाले, आणि ते त्यांच्या मते खरं होतं. मग गिऱ्हाइकाशी बोलायच्या आवाजात म्हणाले, "अंबाडा सोडा, बाई. अंबाड्यावर हेल्मेट बसत नाही."

"अगदी बरोबर," तिकीटबाई म्हणाल्या. "मी म्हणतच होते, हे मला कुणीच कसं सांगत नाही!"

त्यांनी एकेक पिन काढून मास्तरांच्या तळहातावर ठेवली. पाच. केसांची मानेवर खाली सैल वेणी घातली. मास्तरांनी पिना खिशात टाकल्या आणि टेप भुवयांच्या वरून, कानांच्या वरून, मागच्या उंचवट्यावरून फिरवून आणली. बघितलं. पुन्हा फिरवली. पुन्हा बघितलं.

"किती?" मालकीणबाई.

"अठ्ठावन्न," मास्तर पडेल आवाजात म्हणाले.

"आणि तुमचं स्वतःचं किती हो, मास्तर?" बाकावरून कंत्राटदारानं विचारलं. त्याला साठचा सत्तावन्न केल्याचा राग होताच.

"साडेछप्पन्न."

दुकानात हशा पिकला. अख्ख्या गावाची डोकी नजरेनं सांगणारा माणूस चौतीस वर्षं ज्या डोक्यासमोर जेवला, ते सांगताना दोन सेंटिमीटरनं चुकला होता, आणि वर ते त्याच्यापेक्षा मोठं निघालं होतं. तिकीटबाई मात्र शांत होत्या. "मला पहिल्यापासून माहीत होतं," त्या म्हणाल्या. "म्हटलं, कशाला दुखवा."

मग मास्तरांनी काम केलं. खरं काम. गोल आकाराची, अठ्ठावन्न मापाची तीन हेल्मेटं काढली. तिकीटबाईंचा हात आपोआप लाल हेल्मेटकडे गेला, आणि दोघं एकदम म्हणाले, "रंग शेवटी." लाल हेल्मेट कानशिलाला टोचत होतं. राखाडी भुवयांवर उतरत होतं. तिसरं डोक्यावर आलं आणि असं बसलं, की मास्तरांचे हात क्षणभर त्याच्यावरच राहिले. त्याचा रंग कारल्याचा होता. पिकत आलेल्या कारल्याचा.

"लेक हसेल," तिकीटबाई म्हणाल्या. पण काढलं नाही. मास्तर मागची चकती हलकेच आवळायला लागले, तेव्हा नजर सरळ समोर ठेवून त्या म्हणाल्या, "फार नको हं. चकती शेवटचं बोटभर आवळायला असते. घागरीचा तांब्या करायला नव्हे."

मास्तरांचे कान तापले. त्यांनी पट्टा लावला, हनुवटीखाली एक बोट घालून बघितलं आणि बाकाकडे हात केला. बाकावरचे तिघे सरकून बसले. तिकीटबाई बसल्या, आणि रांगेत आणखी चार माणसं उभी असताना डोकेमास्तर त्यांच्या शेजारी जाऊन बसले. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. मालकीणबाईंनी स्वतः उठून रांगेला चहा आहे म्हणून सांगितलं.

"तिन्ही वेळा कळलं होतं तुला?" मास्तरांनी हळूच विचारलं.

"पहिल्याच वेळी."

"कशावरून?"

"तुम्ही मला 'नाही म्हण' असं सांगितलंच नाहीत. सगळ्या गावाला सांगता. माझ्या डोक्यावर हेल्मेट ठेवलंत आणि छताकडे बघत बसलात."

मास्तर खिशातल्या पिनांशी चाळा करत राहिले. "मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, चौथं तरी बरोबर आणाल. तुम्ही तर कंपनीला पत्र लिहायला निघालात."

"मला भीती वाटते गं," मास्तर म्हणाले. एवढं सरळ वाक्य त्यांच्या तोंडून बाहेर पडलं याचं त्यांनाच नवल वाटलं. "ती खालची फळी मी रोज बघतो. रोज. तुझं तिथे आलं तर मी काय करू?"

तिकीटबाईंनी मान वळवून त्या फळीकडे नीट बघितलं, एकेका भेगेकडे. मग म्हणाल्या, "भीती मलापण वाटते. पण तुम्ही ही फळी बघितलीत. मी संध्याकाळी खाली येणारे लोक बघितले, एकतीस वर्षं. काचेसमोरूनच जायचे सगळे. नाकं लाल, केसात बर्फ, कुणी लंगडतंय, आणि तोंडावर असं काहीतरी असायचं... सकाळी तिकीट घेताना नसायचं ते. मी जन्मभर ते दुसऱ्यांच्या तोंडावर बघत आले. तुम्हाला नाही कळायचं, तुम्ही डोकी बघता."

दहा मिनिटं कधीच उलटून गेली होती. मास्तर उठले, बायकोसमोर उभे राहिले, घसा खाकरला.

"नाही म्हण."

तिकीटबाईंनी जोरात मान हलवली. कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर इकडून तिकडे गेली. हेल्मेट कुठे तसूभर मागे राहिलं नाही. मास्तरांनी "हो" म्हणवून घेतलं, जांभई देववली, दोनदा. खोट काढायला जागाच नव्हती, आणि ती नाही याचं त्यांना समाधानही वाटेना.

रविवारी सकाळी डोकेमास्तर शिकाऊ उताराच्या कुंपणापाशी उभे होते. हा उतार इतका सौम्य, की त्याच्यावरून ठेवलेला चेंडूसुद्धा निघायच्या आधी विचार करील. मास्तरांना तो कडा दिसत होता. वर दहा-बारा प्रौढ माणसं स्की पायांत अडकवून कशीबशी उभी होती. त्यांत कारल्याच्या रंगाचं एकच हेल्मेट होतं. काल "रंग शेवटी" म्हणणाऱ्या मास्तरांनी आज मनातल्या मनात त्या रंगाचे आभार मानले.

एकेक जण खाली येऊ लागला. कालचा कंत्राटदारही याच वर्गात होता; तो सरळच्या सरळ कुंपणावर येऊन आदळला आणि "जमलं की!" म्हणून मास्तरांशेजारी दम खात उभा राहिला. शेवटी कारलं निघालं. हात पसरलेले, गुडघे वाकलेले, हळूहळू. अर्ध्यावर डावी स्की उजवीवर चढली, आणि तिकीटबाई कुशीवर पडून दोन वेळा लोळत बर्फात दिसेनाशा झाल्या.

मास्तरांनी कुंपण ओलांडायला पाय उचलला, तो परत खाली ठेवला. दोन्ही हातांनी त्यांनी कुंपणाची फळी धरून ठेवली. वर शिक्षिका धावत जाऊन वाकली होती. बर्फातून आधी एक हात वर आला. मग हेल्मेट. तिकीटबाई बसत्या झाल्या. शिक्षिका काहीतरी विचारत होती, आणि तिकीटबाई जोरजोरात मान हलवत होत्या. नाही. नाही. नाही.

"झालं," कंत्राटदार हळहळला. "बाई घाबरल्या. नको म्हणतायत पुढे."

"गप्प बसा हो!" मास्तर म्हणाले.

कारण तिकीटबाई शिक्षिकेकडे बघतच नव्हत्या. त्या कुंपणाकडे तोंड करून, साठ पावलांवरून, थेट मास्तरांकडे बघून मान हलवत होत्या. हेल्मेट डोक्याबरोबर इकडे, डोक्याबरोबर तिकडे. मग त्यांनी ठसठशीत "हो" म्हणून दाखवलं. आणि मग बर्फात बसल्या बसल्या, सगळ्या वर्गासमोर, अशी मोठी जांभई दिली की शिक्षिका दोन पावलं मागे सरकली.

मास्तरांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. उत्तर म्हणून त्यांनीही मान हलवली, नाही, नाही, इतकी जोरात की त्यांची लोकरीची टोपी उडून कंत्राटदाराच्या पायाशी पडली. वर तिकीटबाई उठल्या, स्की सरळ केल्या, उरलेला उतार पुन्हा हात पसरून उतरू लागल्या. या वेळी पडल्या नाहीत. कुंपणापाशी येऊन त्यांनी ते घट्ट धरलं. नाक लाल, वेणीत बर्फ, श्वास लागलेला.

कंत्राटदारानं टोपी उचलून झटकली आणि मास्तरांच्या हातात दिली. एक डोळा बारीक करून तिकीटबाईंकडे बघत तो म्हणाला, "मास्तर, हेल्मेट जरा डावीकडे कललंय का हो?"

"असेल," मास्तर बायकोच्या तोंडाकडे बघत म्हणाले. "मी पाहिलं नाही."